सोसवेल एवढं नुकसान: बागकाम आणि मनाचा उपचार

बागकामाने मन हलकं होतं, हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. चाळीच्या गॅलरीत डब्यात लावलेली तुळस असो, सोसायटीच्या गच्चीवर ड्रमात वाढवलेली वांगी असोत की परसातला अळू, त्यांची निगा राखणारी माणसं हेच सांगतात आणि मनापासून सांगतात. पण गेल्या चाळीसेक वर्षांत या अनुभवाचा एक दावा झाला आहे. बागकाम हा उपचार आहे, डॉक्टरांनी तो सुचवावा, रुग्णालयांत, तुरुंगांत, वृद्धाश्रमांत त्याची सोय व्हावी, असं आता मांडलं जातं. इंग्लंडमध्ये २०२१ पासून सात ठिकाणी सरकारी आरोग्यसेवेने मानसिक त्रास असलेल्या लोकांना बागकामासारख्या उपक्रमांकडे पाठवण्याचा प्रयोग राबवला. गोष्ट सरकारी खर्चापर्यंत आणि रुग्णाच्या उपचारापर्यंत येते, तेव्हा ती तपासून घ्यावी लागते. या तपासणीतून माझं मत असं झालं आहे की पुरावा बराचसा या दाव्याच्या बाजूचा आहे, पण त्याचं कारण सहसा सांगितलं जातं ते नव्हे. हिरवा रंग, मोकळी हवा, मातीचा वास यांचा वाटा आहेच. मात्र खोलवर काम करते ती बागेची रचना. तिथे माणसावर एका जिवाची जबाबदारी येते, त्या जिवाचं पुढे काय होणार हे पूर्णपणे माणसाच्या हाती नसतं, आणि तो गेलाच तर होणारं नुकसान सोसवेल एवढं असतं. या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे बाग माणसाला सावरते. त्यातली एखादी सुटली, विशेषतः तिसरी, तर तीच माती माणसाला मोडूनही टाकते.

या विचाराचा इतिहास दोनशे वर्षांहून जुना आहे. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात क्वेकर पंथाच्या विल्यम ट्यूक यांनी १७९६ मध्ये मनोरुग्णांसाठी ‘रिट्रीट’ सुरू केलं. साखळदंड आणि मारहाण हाच जिथे रिवाज होता, त्या काळात तिथल्या रुग्णांना बाग होती, अंगणात ससे आणि कोंबड्या होत्या. मुक्या जिवांशी जोडलं गेलं की माणसातली माया जागी होते, असा त्यामागचा विचार होता. १८१२ मध्ये अमेरिकी डॉक्टर बेंजामिन रश यांनी मनाच्या आजारांवरच्या आपल्या ग्रंथात एक निरीक्षण नोंदवलं. रुग्णालयात लाकडं फोडणारे, चुली पेटवणारे, बागेत खणणारे पुरुष रुग्ण पुष्कळदा बरे होतात. ज्यांना प्रतिष्ठेमुळे अशी कामं करावी लागत नाहीत ते तिथेच खितपत पडतात. उद्यान-उपचाराच्या इतिहासात हे निरीक्षण नेहमी दिलं जातं, पण अर्धंच. रश यांनी त्याच ठिकाणी धुणं, इस्त्री आणि फरशी घासणं ही कामं करणाऱ्या स्त्री रुग्णांबद्दलही तेच म्हटलं होतं. म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर काम होतं, बाग नव्हे. शिवाय जो मुळातच कमी आजारी तोच कामाला उठू शकतो, ही शंका आहेच. तरीही दिशा मिळाली होती. विसाव्या शतकात दोन महायुद्धांतून परतलेल्या जायबंदी सैनिकांच्या पुनर्वसनात बागकाम आलं. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्क पुनर्वसन संस्थेत रुग्णांसाठी काचेची बाग उभी राहिली. १९७३ मध्ये अमेरिकेत उद्यान-उपचारकांची संघटना स्थापन झाली.

इकडे महाराष्ट्रात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने आली. औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना तिथे भिंतींविना ठेवलं आणि जमीन कसायला दिली. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’मागे याच प्रयोगाची प्रेरणा होती. वरोऱ्याजवळ ओसाड, खडकाळ जमिनीवर बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं, तेही समाजाने टाकलेल्या कुष्ठरुग्णांच्या हातांनी. या दोन्ही ठिकाणी कुणी ‘उपचार’ हा शब्द वापरत नव्हतं. ज्याच्यावर जगाने विश्वास टाकायचं थांबवलं होतं, त्याच्यावर जमिनीचा तुकडा सोपवून पुन्हा विश्वास टाकला गेला. मला हा धागा यॉर्कपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. बाग रुग्णाला काय देते हे विचारताना, त्या बागेच्या निमित्ताने रुग्णाला कोण काय सोपवतं, हेही विचारावं लागतं.

आता मोजमापाकडे. या विषयावरचा सर्वांत गाजलेला अभ्यास रॉजर उलरिक यांचा, १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामकं कमी लागली. जगभरच्या रुग्णालयांच्या वास्तुरचनेवर या छोट्या अभ्यासाचा परिणाम झाला. पण त्याच्या आधाराने बागकामाबद्दल बोलणं चूक आहे. ते रुग्ण झाडांकडे पाहत होते, झाडांसाठी काही करत नव्हते. पाहणं आणि करणं यांत फरक पडतो का, हे वेगळं तपासावं लागतं.

तो फरक नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात जवळून दिसतो. अग्नेस व्हान डेन बर्ग आणि मारिएट कुस्टर्स यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात भाड्याच्या वाफ्यांवर बागकाम करणाऱ्या ३० जणांना आधी डोक्याला ताण देणारं काम दिलं. मग निम्म्यांनी अर्धा तास आपल्या वाफ्यात काम केलं, निम्म्यांनी आत बसून वाचन केलं. ताणाबरोबर वाढणारं कॉर्टिसोल दोन्ही गटांत उतरलं, पण बागेतल्या गटात अधिक. मनःस्थितीतला फरक त्याहून मोठा होता. बागेतल्यांची मनःस्थिती पूर्ववत झाली, वाचणाऱ्यांची आणखी घसरली. अर्थात ही माणसं मुळातच बागेची हौशी होती आणि एक गट घरात होता, दुसरा बाहेर. म्हणून या प्रयोगातून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही. त्याहून भक्कम पुरावा डेन्मार्कचा आहे. कोपनहेगन विद्यापीठाच्या ‘नाकादिया’ या उपचार-उद्यानात ताणामुळे आजारी पडून कामापासून दूर राहावं लागलेल्या ८४ जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटाला दहा आठवडे बागेतला उपचार मिळाला, दुसऱ्याला विचार आणि वर्तन बदलण्यावर आधारलेला मान्यताप्राप्त मानसोपचार. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. बाग मानसोपचारापेक्षा सरस ठरली नाही, पण उणीही पडली नाही. मात्र नाकादियातले रुग्ण बागेत एकटे सोडलेले नव्हते. प्रशिक्षित उपचारक आणि माळी त्यांच्या सोबत होते. या अभ्यासाचा दाखला देताना हा भाग बहुतेक वेळा गळतो.

२०२३ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये डेन्व्हर शहरातल्या सामुदायिक बागांचा अभ्यास आला. २९१ प्रौढांपैकी काहींना लगेच वाफा, बियाणं, रोपं आणि थोडं शिक्षण दिलं, उरलेल्यांना वर्षभर थांबायला सांगितलं. बाग मिळालेल्यांच्या आहारातला तंतूंचा भाग दिवसाला सुमारे १.४ ग्रॅमने अधिक वाढला, हालचाल वाढली, ताण आणि चिंता अधिक घटली. वजनात मात्र उल्लेखनीय फरक पडला नाही. असा फरक न पडल्याचं अभ्यासकांनी स्पष्ट नोंदवलं, म्हणून उरलेल्या निष्कर्षांवर विश्वास ठेवावासा वाटतो. मासाशी सोगा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २२ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं, त्यातही नैराश्य आणि चिंता कमी होण्याकडे, जीवनाबद्दलचं समाधान वाढण्याकडे कल दिसतो. पण या क्षेत्रातले बहुतेक अभ्यास लहान आहेत, सहभागींनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांवर उभे आहेत, आणि आपण बागकाम करतो आहोत हे सहभागीपासून लपवून ठेवता येत नाही. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते. खोटी बाग देता येत नाही. त्यामुळे अपेक्षेचा परिणाम किती आणि बागेचा किती, हे पूर्णपणे वेगळं काढणं अशक्यच आहे. फ्लोरिडा विद्यापीठाचा २०२२ चा एक प्रयोग इथे विशेष बोलका आहे. निरोगी स्त्रियांच्या एका गटाने आठ सत्रं बागकाम केलं, दुसऱ्याने तितकीच सत्रं चित्रकलेसारख्या कलाकृती केल्या. दोन्ही गटांचं मन सुधारलं, आणि जवळजवळ सारखंच. वनस्पतीतच काही जादू असते असं मानणाऱ्यांना हा निकाल अडचणीचा वाटेल. मला तो उपयोगी वाटतो, कारण बागेचं बळ ती करवून घेत असलेल्या कामात शोधायला तो भाग पाडतो.

या क्षेत्रात दोन गोष्टी पुराव्यापेक्षा खूप पुढे धावल्या आहेत. पहिली म्हणजे मातीतल्या जिवाणूंची. २००७ मध्ये ब्रिस्टॉलमधल्या ख्रिस्तोफर लोरी आणि सहकाऱ्यांनी ‘मायकोबॅक्टेरियम व्हॅकाय’ हा मातीतला जिवाणू मारून उंदरांना टोचला, तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या, मनःस्थितीशी निगडित सेरोटोनिन या रसायनाशी संबंधित काही पेशी जाग्या झालेल्या दिसल्या. त्यावरून ‘माती हातात घ्या, आनंदी व्हा’ असे लेख जगभर निघाले आणि अजूनही फिरत आहेत. टोचलेला मृत जिवाणू आणि खुरप्याने माती उकरणारा माणूस यांच्यात फार मोठं अंतर आहे, आणि ते ओलांडणारा भक्कम पुरावा अजून समोर नाही. दुसरी गोष्ट वृद्धाश्रमातल्या रोपाची. एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांचा अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या वृद्धांना आपले निर्णय आपण घ्या असं सांगितलं आणि एकेक रोप सांभाळायला दिलं. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण त्यांना पाणी परिचारिका घालतील असं सांगितलं. दीड वर्षाने पहिल्या गटात १५ टक्के आणि दुसऱ्यात ३० टक्के मृत्यू झाल्याचं जाहीर झालं आणि ‘रोपाने आयुष्य वाढतं’ ही कथा तयार झाली. पुढच्याच वर्षी लेखिकांनी आकडेमोडीतली चूक दुरुस्त केली. दुरुस्तीनंतर मृत्यूंमधल्या फरकाचा पुरावा बराच कमकुवत झाला. एकाच संस्थेतले दोन मजले, थोडी माणसं, त्यात रोपाबरोबर इतर निवडींचंही स्वातंत्र्य, एवढ्यावरून आयुर्मानाबद्दल काही म्हणू नये. तरी त्या प्रयोगाची रचना मला मोलाची वाटते. रोप दोन्ही मजल्यांवर होतं, हिरवा रंग दोन्हीकडे होता. दोन मजल्यांत फरक ठेवला होता तो जबाबदारीचा, आणि मृत्यूंमधल्या फरकाचा पुरावा भक्कम नसला तरी सुरुवातीच्या आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं अधिक उत्साही, अधिक सावध दिसली.

मग बागेची जबाबदारी इतर जबाबदाऱ्यांपेक्षा वेगळी कशी? घर, नोकरी, आजारी माणूस, परीक्षा याही जबाबदाऱ्याच आहेत आणि त्यांनीच माणसं थकतात. एक उत्तर मिशिगन विद्यापीठाच्या रेचेल आणि स्टीफन कॅप्लन यांनी दिलं. मन एखाद्या कामावर जबरदस्तीने टिकवून ठेवण्याची शक्ती संपत जाते. पानांची हालचाल, कळीचं फुगणं, मुंग्यांची रांग अशा गोष्टी लक्ष अलगद धरून ठेवतात आणि तेवढ्यात ती शक्ती भरून येते. ग्रेगरी ब्रॅटमन यांनी स्टॅनफर्डमध्ये २०१५ मध्ये ३८ जणांवर केलेला प्रयोग याला पूरक आहे. नव्वद मिनिटं झाडा-गवतातून चालून आलेल्यांचं स्वतःच्या दोषांचं उगाळत बसणं कमी झालं आणि अशा उगाळण्याशी निगडित मेंदूच्या भागातली हालचालही उतरली. रहदारीच्या रस्त्याकडेने चाललेल्यांत तसं घडलं नाही. आत्मचिंतनाचा प्रश्न इथे नेमका येतो. खचलेला माणूस स्वतःबद्दल विचार करत नाही असं नसतं. तो दुसरा काही विचारच करू शकत नाही. त्याला आणखी अंतर्मुख व्हायला सांगणं म्हणजे त्याच गर्तेत आणखी लोटणं. बाग त्याचं लक्ष काढून पिठ्या ढेकणाने धरलेल्या जास्वंदीवर नेते. आणि स्वतःवरून लक्ष हटल्यावरच स्वतःबद्दल काही नवं सुचण्याची शक्यता निर्माण होते.

सावता माळ्यांचा दाखला मराठीत अशा वेळी हमखास दिला जातो, पण तो बहुधा निसर्गप्रेमाचा दाखला म्हणून. अरणचा हा संत परंपरेप्रमाणे पंढरपूरला गेला नाही. मळ्यातल्या कामातच त्याला विठ्ठल भेटला. मनाच्या आजाराशी याचा संबंध जोडणं ओढाताणीचं होईल. पण हातातल्या कामाला पूर्ण लक्ष देणं हीच साधना असू शकते, ही समजूत आपल्याकडे सातशे वर्षं तरी आहे, आणि ती ध्यानासाठी बसायला सांगणाऱ्या सल्ल्यापेक्षा अस्वस्थ माणसाला जास्त झेपणारी आहे.

लक्ष हटणं ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी अपयशाची आहे, आणि बागकामावरच्या गोड लेखनातून हीच नेमकी वगळली जाते. बागेत झाडं मरतात. बियाणं उगवतं आणि चार दिवसांत रोपं देठाशी कुजून आडवी होतात. कळ्यांनी भरलेल्या शेवंतीवर एका आठवड्यात मावा पसरतो. कुंडीतली झाडं दुर्लक्षाने जेवढी मरतात, त्याहून कदाचित अधिक अतिकाळजीने मरतात, रोज घातलेल्या पाण्याने मुळं गुदमरून. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही नेमक्या असण्याची स्थिती, ती पाणी घालून येत नाही. पाणी घालायचं थांबून, वाट पाहून येते. ज्याला प्रत्येक गोष्ट आपल्या मुठीत ठेवायची सवय आहे, त्याला हे कुणी न सांगता कळतं, आणि फटकारून न सांगितल्यामुळे पचतंही. त्याच्या मेहनतीचा आणि निकालाचा संबंध असतो, पण पूर्ण नसतो. चांगलं आलं तर थोडं श्रेय त्याचं, वाईट झालं तर सगळा दोष त्याचा नाही. नैराश्यात माणूस नेमकं उलटं मानत असतो. आणि गेलेल्या झाडाच्या जागी महिन्याभरात दुसरं लावता येतं; पुन्हा सुरू करण्याची संधी आयुष्यात इतर कुठे एवढ्या स्वस्तात मिळत नाही.

नेल्सन मंडेला यांनी आत्मचरित्रात तुरुंगातल्या बागेबद्दल लिहिलं आहे. रॉबेन बेटावर त्यांनी छोटा वाफा केला होता, आणि १९८२ मध्ये पोल्समूर तुरुंगात हलवल्यावर गच्चीवर १६ तेलाची पिंपं अर्धी कापून त्यांत सुमारे नऊशे रोपं वाढवली होती. जिथे जेवण, झोप, पत्र, भेट सगळं दुसऱ्याच्या मर्जीवर, तिथे हा एक कोपरा त्यांच्या हातात होता. पण मला त्यातला दुसरा प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. जपून वाढवलेलं टोमॅटोचं एक देखणं झाड काही केल्या सावरलं नाही, मेलं. मंडेलांनी त्याची मुळं धुऊन ते बागेच्या कोपऱ्यात पुरलं आणि पत्नी विनी यांना त्या झाडाबद्दल पत्रं लिहिली. आपल्या नात्याची निगा राखता आली नाही तर काय होईल, ही भीती त्या झाडाच्या निमित्ताने त्यांना बोलता आली. जे दुःख थेट उच्चारता येत नाही, त्याला बागेतला लहानसा मृत्यू वाट करून देतो. सोसवेल एवढ्या नुकसानाचं काम ते हेच.

इथे मराठी वाचकाच्या मनात जो आक्षेप येईल तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. माती माणसाला सावरत असेल, तर मातीतच राबणारी माणसं आत्महत्या का करतात? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात शेतीशी संबंधित ११,२९० जणांनी आत्महत्या केली, त्यांपैकी ४,२४८ महाराष्ट्रातले होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसासमोर ‘मातीत हात घाला, मन हलकं होईल’ असं म्हणायला जीभ धजू नये. पण हा आक्षेप माझ्या मांडणीला छेद देत नाही. तीच मांडणी तो दुसऱ्या टोकाने सिद्ध करतो. शेतकऱ्याकडेही जिवंत पिकाची जबाबदारी आहे आणि निकाल त्याच्याही हातात नाही. फरक नुकसानात आहे. बोंडअळीने कपाशी गेली किंवा सोयाबीन काढणीला आलं असताना पाऊस बसला, तर त्याच्यामागे पीककर्ज, सावकार, मुलीचं लग्न, मुलाची फी उभी असते. भाव त्याच्या हाती नाही, विम्याची रक्कम वेळेवर येईल याची खात्री नाही. त्याचं नुकसान सोसवण्याच्या पलीकडचं आहे, आणि म्हणून तीच माती त्याला धीर देऊ शकत नाही. त्याच्यासाठी काय उपयोगी पडतं याचा पुरावाही आहे. ‘विश्राम’ या प्रकल्पात विदर्भातल्या ३० गावांत गावातल्याच माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं गेलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तिथे गरज होती ती ऐकून घेणाऱ्या माणसाची, आणि तिच्याहूनही आधी कर्ज आणि भावाच्या प्रश्नाची तड लागण्याची.

याच शेतकरी कुटुंबांत बागेची एक वेगळी शक्यताही आहे. मराठवाड्यात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने स्त्रियांसोबत एक एकराची अन्नशेती उभी केली. घरच्या जमिनीतला छोटा तुकडा बाईच्या ताब्यात, त्यात बाजाराआधी घरच्या ताटासाठी भाज्या, डाळी, धान्य. या कामाचा हेतू अन्नसुरक्षा आणि स्त्रियांचा निर्णयाधिकार हा आहे, मनाचा उपचार हा नाही, आणि त्याचे तसे दावे मी करत नाही. पण त्याच रानात, त्याच पावसात, नुकसानाचा आकार लहान केला आणि निर्णय त्या बाईच्या हाती दिला, तर मातीशी नातं कसं बदलतं हे तपासायला याहून चांगली जागा सापडणार नाही. शहरी संशोधक गच्चीवरच्या बागांचे अभ्यास करतात; हा अभ्यास कुणी केला पाहिजे.

दुसरा आक्षेप सक्तीचा. बागकाम आणि वेठबिगार यांच्यातली रेष इतिहासात पुष्कळदा पुसली गेली आहे. वसाहतकाळातल्या आपल्या वेड्यांच्या इस्पितळांत रुग्णांकडून बागेची आणि शेतीची कामं करून घेतली जात आणि त्यातून संस्थेचा खर्च वाचवला जाई. अमेरिकेतही मोठमोठ्या मनोरुग्णालयांची शेतं रुग्णांच्या फुकट श्रमांवर चालत. १९७३ मध्ये न्यायालयाने त्या कामाचा मोबदला देणं बंधनकारक केल्यावर अनेक ठिकाणी ती बंद होत गेली. म्हणजे संस्थांना उपचारापेक्षा फुकटचा मजूर हवा होता, असा अर्थ कुणी काढला तर तो अन्यायाचा ठरणार नाही. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने कलम २० मध्ये हे स्पष्ट केलं आहे की रुग्णावर कामाची सक्ती करता येणार नाही आणि त्याने काम केलं तर योग्य मोबदला द्यावा लागेल. बागेच्या उपचाराची ही पहिली अट आहे. नको म्हणण्याचा अधिकार नसेल, तर जबाबदारी सोपवली असं म्हणताच येत नाही. ते फक्त हुकूम पाळणं होतं.

तिसरा आक्षेप जागेचा आणि वर्गाचा. दहा बाय दहाच्या खोलीत पाचजण राहतात, तिथे बाग कुठे लावायची? पाण्याचा टँकर आठवड्याने येतो, तिथे झारीने झाडांना पाणी कोण घालणार? शिवाय पिढ्यान् पिढ्या ज्यांच्यावर दुसऱ्याच्या मळ्यात राबणं लादलं गेलं, त्यांना माती ही मोकळीक वाटेलच असं नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणून खासगी बंगल्यांपेक्षा शाळा, दवाखाने आणि महापालिकेच्या जागांवरच्या सामुदायिक बागांचा विचार आधी व्हावा असं वाटतं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी पालापाचोळा आणि घरातल्या ओल्या कचऱ्यातून माती बनवून गच्चीवर पीक घेण्याची रीत सामान्य माणसाच्या हाती दिली. खर्चाची अडचण त्यामुळे कमी होते. जागेची आणि पाण्याची नाही.

शेवटचा धोका सर्वांत गंभीर आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये दाखवलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. अशा देशात स्वस्त, निरुपद्रवी वाटणारा उपाय फार मोहक ठरतो, आणि डॉक्टरांकडे न्यायला हवं अशा माणसाला ‘दोन कुंड्या लाव, बरं वाटेल’ असं सांगितलं जातं. तीव्र नैराश्यात माणूस अंथरुणातून उठू शकत नाही. त्याच्या दारातलं सुकलेलं रोप त्याला आपल्या नालायकीचा आणखी एक पुरावा वाटू शकतं. माझ्या मांडणीतली अट त्याच्या बाबतीत मोडते: इतरांना क्षुल्लक वाटणारं नुकसान त्या दिवशी त्याला सोसवत नाही. म्हणून बाग औषधाच्या आणि समुपदेशनाच्या सोबत हवी, जागी नव्हे. आणि तीव्र आजारात सुरुवातीची जबाबदारी दुसऱ्या कुणाबरोबर वाटून घेतलेली हवी. कुठल्या झाडापासून सुरुवात करावी हाही मग उपचाराचा भाग होतो. चार-पाच दिवसांत उगवणारी मेथी, तोडलं तरी पुन्हा फुटणारा पुदिना, पाणी विसरलं तरी तग धरणारी सदाफुली यांच्यापासून सुरुवात करावी. नखरेल गुलाब आणि ऑर्किडकडे नंतर वळावं.

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत पुनर्वसनाच्या कामात बागकामाला जागा आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या आवारात झाडं आहेत, जमीन आहे. कमतरता आहे ती मोजमापाची. डेन्मार्क आणि डेन्व्हरचे निष्कर्ष रत्नागिरीला लागू पडतील असं गृहीत धरता येणार नाही; तिथला पाऊस वेगळा, कुटुंब वेगळं, कामाकडे पाहण्याची दृष्टी वेगळी. चाचणीची रचना मात्र आता स्पष्ट आहे. स्वेच्छेने तयार झालेल्या रुग्णांचे चिठ्ठ्यांनी तीन गट करायचे: एकाला नेहमीच्या उपचारासोबत हिरव्या आवारात बसण्या-फिरण्याचा वेळ, दुसऱ्याला तेवढाच वेळ शिवण किंवा सुतारकामासारखं हातकाम, तिसऱ्याला स्वतःच्या नावाचा वाफा, मोबदला, आणि सोबत प्रशिक्षित माळी व समुपदेशक. घरी गेल्यावर वर्षभर त्यांच्या संपर्कात राहायचं. तिसरा गट पहिल्या दोन्हींच्या पुढे गेला, तर जबाबदारी आणि सोसवणारं नुकसान यांबद्दलचं माझं म्हणणं टिकेल. दुसरा आणि तिसरा गट सारखेच निघाले, तर बागेऐवजी हाताच्या कामावर खर्च करावा लागेल, आणि पाऊस-पाण्यावर अवलंबून नसलेलं शिवणयंत्र बऱ्याच रुग्णांना घरी गेल्यावर अधिक कामी येईल.